शेतावर जेवून आल्यावर

30 डिसेंबर 2024, सोमवार. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूरला बसमधून उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि गंजगोलाईच्या बाजारात एकही शटर वर नव्हतं. पंचांगवाले वेळा अमावस्या म्हणोत, आमच्याकडं ती येळवस. कन्नड मुलखातल्या येळ्ळ अमावस्येची ही मराठी बहीण. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे बिदर, कलबुर्गी हा मुख्यतः तिचा मुलूख. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. शेत असलेले शेतात जातात, नसलेल्यांना कुणीतरी बोलावतंच. डॉक्टर, वकील, शिक्षक, बदलीवर आलेले अधिकारी, सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात मांडी घालून बसलेले असतात. शेतावर पाहुणे होऊन जाण्याची ही रीत पर्यटन खात्याच्या किती आधीची आहे, ते कुणालाच सांगता येणार नाही.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. रानात पोचले तोवर वहिनीनं कोपीपुढं पूजा मांडली होती. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, तिच्यावर शाल पांघरतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव. डोक्यावरून आणलेली आंबिलीची बिंदगी सावलीत होती. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेली ती आंबील, ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाचे उंडे, गव्हाची खीर. भाऊ रानाला फेरी मारून आंबील शिंपडून आला, मग पंगत बसली. आम्ही पंचवीस-तीस माणसं असू. त्यातली निम्मी तरी पुण्या-मुंबईहून आलेली.

जेवताना मी सहज विचारलं, "यंदा ज्वारी कुठल्या वावरात हाय?" भाऊ हसला नाही. म्हणाला, "ज्वारी कुठली गं आता. चार वर्षं झाली." कोपीच्या पाच पेंढ्या शेजारच्या गावातून मागून आणल्या होत्या. आंबिलीचं आणि उंड्याचं पीठ लातूरच्या दुकानातल्या ज्वारीचं होतं. सभोवार हरभरा होता, बांधाला तूर होती, आणि ज्या धान्याच्या नावानं हा सगळा सण आहे त्याचं एक ताट त्या रानात उभं नव्हतं.

तो घास माझ्या घशात अडकला, आणि तिथून हा लेख सुरू झाला. शेतावर जाऊन जेवून येणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात वाढते आहे. हुरडा पार्ट्या, कृषी पर्यटन केंद्रं, सुट्टीत "मुलांना गाव दाखवायला" निघालेल्या गाड्या. शहरातली माणसं शेताकडं वळली याचं सगळीकडं कौतुक होतं. मला त्या कौतुकात सामील होता येत नाही. आपण शेतावर जेवतो, फोटो काढतो, परत येतो आणि वर्षभर दुसरंच काहीतरी खातो. अशा भेटीनं शेतात काय पेरलं जाणार हे तसूभरही बदलत नाही. शेतावरचा पाहुणचार शेताच्या कामी यायचा असेल तर पाहुण्याच्या गाडीतून वर्षाचं धान्य परत गेलं पाहिजे, आणि त्याचे पैसे पेरणीच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पडले पाहिजेत. हे माझं म्हणणं केंद्रावर जाणाऱ्या गिऱ्हाइकाला जितकं लागू आहे तितकंच माहेरी जाणाऱ्या मला.

भावानं ज्वारी का सोडली, हे त्यानं त्या दुपारी बांधावर बसून सांगितलं. आळस किंवा हाव यातलं काही नव्हतं. रब्बीची ज्वारी काढायची म्हणजे ताटं उपटायची. कंबर मोडणारं काम. उपटायला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी ज्वारीच्या भावात बसत नाही. सोयाबीन यंत्रानं निघतं, दोन दिवसांत रान मोकळं होतं, मोंढ्यावर माल जातो, हातात पैसा येतो. पैसा किती, तर 2024-25 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या बऱ्याच खाली माल विकावा लागत होता. पण यायचा तरी. घरात रेशनचा गहू-तांदूळ आहे, तो 2023 च्या जानेवारीपासून फुकटच आहे, त्यामुळे पोटापुरती ज्वारी लावायची गरजही उरली नाही.

आणि पाखरं. ही गोष्ट मला तोवर कळलीच नव्हती. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची तेव्हा पाखरं सगळ्यांच्या रानात थोडी थोडी बसायची. आता गावात एखाद्याचीच पट्टी असते, आणि सगळ्या शिवाराची पाखरं त्या एका पट्टीवर उतरतात. माळा बांधून, गोफण घेऊन पहाटेपासून राखायला घरात माणूस नाही. "एकट्यानं ज्वारी करायची म्हणजे पाखरासाठीच करायची," भाऊ म्हणाला. ज्वारी सोडण्याचा निर्णय वरवर एकेकट्या शेतकऱ्याचा दिसतो, पण पहिल्या दहा जणांनी सोडली की उरलेल्यांना ती सोडावीच लागते. परत आणायची तर तीही एकट्यानं आणता येणार नाही.

पुढच्याच महिन्यात, जानेवारीत, पुण्याजवळ एका हुरडा पार्टीला गेले. कार्यालयातल्या मैत्रिणींनी ठरवलं होतं. माणशी सहाशे रुपये. प्रवेशाशी बैलगाडी होती, पुढं पाण्याची घसरगुंडी, मोठ्या आवाजातली गाणी, मुलांसाठी नूडल्सचा कट्टा. ज्वारी होती, दहा गुंठे असेल, फोटोसाठी मधून वाट काढलेली. आगटीपाशी कणसं पोत्यातून येत होती. पोती कुठून येतात विचारलं तर कणसं भाजणारा माणूस म्हणाला, "सोलापूरकडनं."

तो स्वतः धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याकडचा. तीन एकर रान, त्यात अर्ध्यात ज्वारी, मालदांडी वाणाची. दोन महिन्यांसाठी इथं रोजावर आला होता. गोवऱ्यांच्या आरावर कणीस फिरवायचं, हातावर चोळायचं, फुंकून ताटलीत टाकायचं. हात सराईत होते, तळवे काळेठिक्कर. "मग तुमची ज्वारी कोण राखतं?" "म्हातारी हाय की." त्याची ज्वारी त्याच आठवड्यात हुरड्यात आली असणार. ती म्हातारी राखत होती, आणि तो शहराच्या वेशीवर दुसऱ्याच्या आगटीपुढं बसून दुसऱ्याचा हुरडा आम्हाला भाजून देत होता.

हुरडा चांगला होता. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं, सगळं होतं. केंद्र चालवणाऱ्या कुटुंबाबद्दल माझी तक्रार नाही. तेही शेतकरीच आहेत, त्यांना गिऱ्हाईक जे मागतं ते द्यावं लागतं, आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या सात-आठ बायकांना गावातच रोज मिळत होता ही लहान गोष्ट नाही. 2005 च्या सुमारास बारामतीकडे कृषी पर्यटनाची सुरुवात झाली तेव्हा त्यामागचा विचारही हाच होता, की शेतकऱ्याला पिकाखेरीज दुसरं उत्पन्न मिळावं. तो विचार आजही बरोबर आहे.

पण थोडा हिशेब मांडून पाहा. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल ज्वारी म्हणजे बरं पीक. 2024-25 चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3421 रुपये. पाच क्विंटलचे झाले 17,105. त्या रविवारी त्या केंद्रावर निदान शंभर माणसं होती, म्हणजे एका दिवसात साठ हजार रुपये. त्यातला किती पैसा कणसं पिकवणाऱ्या सोलापूरकडच्या रानात गेला असेल? आम्ही सहाशे रुपये ज्वारीच्या नावानं दिले आणि ते घसरगुंडीला, गाण्यांना, नूडल्सला गेले.

राज्य सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं. किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करून केंद्र काढता येतं, आठपर्यंत खोल्या बांधता येतात. छोट्या शेतकऱ्याला दार उघडं ठेवलं ही त्यातली चांगली बाजू. 2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे, तेव्हा दार एवढं उघडं असायलाच हवं होतं. पण ताटात काय असावं आणि ते कुणाच्या रानातलं असावं, याचा काही कस या धोरणात लागत नाही. इटलीत 2006 च्या कायद्यानं कृषी पर्यटनाला अट घातली आहे: शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार तिच्या जोडीला, आणि पाहुण्याला जे वाढायचं त्यात स्वतःच्या शेतातल्या आणि त्याच भागातल्या शेतांतल्या मालाचा मोठा वाटा असला पाहिजे, किती ते तिथल्या प्रांतांनी ठरवायचं. आपल्याकडं हे करणं अवघड नाही. केंद्राच्या भिंतीवर एक फळा लावायचा: ज्वारी कुणाची, शेंगा कुठल्या, गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा, कितीला घेतला. नोंदणीच्या नूतनीकरणाला हा हिशेब मागायचा. सरकारनं एवढं केलं तरी परांड्याच्या त्या माणसाचं नाव आगटीऐवजी फळ्यावर येईल.

तरी मूळ अडचण धोरणानं सुटणारी नाही. पुण्यामुंबईची माणसं सुट्टीच्या दिवशी दोन तासांच्या पलीकडं जात नाहीत. केंद्रं निघणार ती हमरस्त्यालगत, धरणाकाठी, शहराच्या आसपास. ज्वारीचा खरा मुलूख तिथं नाही. तो मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आहे, जिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि जिथल्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तो परांडा, भूम, करमाळा, आष्टी, औसा या पट्ट्यात आहे. तिथवर पर्यटक येणार नाहीत, आले तर वर्षातून एकदा येतील. पण पोतं तिकडून इकडं येऊ शकतं. ज्वारी नासत नाही. नीट वाळवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवली तर वर्ष काढते. मुंबईत आंबा थेट कोकणातल्या बागेतून मागवण्याची सवय आपण लावून घेतली आहे, त्याची पेटी घरात आली की शेजाऱ्यांना दाखवतो. ज्वारीचं पोतं तसं का येऊ नये?

आता घरच्या पाहुण्यांकडं येते, कारण यातला अवघड भाग तोच आहे.

मी वीस वर्षं पुण्यात आहे. या वीस वर्षांत माहेराहून मी कधी रिकाम्या हातानं परतले नाही. तुरीची डाळ, शेंगा, हरभरा, काकवी, लोणच्याच्या बरण्या, आणि भाऊ ज्वारी करायचा तोवर ज्वारीचं कट्टं. वहिनी गाडीत भरायची आणि मी "नको, नको" म्हणत डिकी उघडून धरायचे. एकदाही भाव विचारला नाही. विचारला असता तर अपमान झाला असता, हे दोघींनाही माहीत होतं. माझ्या ओळखीतल्या शहरी घरांपैकी गावाकडून असं धान्य येत नाही असं घर विरळा. आपण सगळे कौतुकानं सांगतो, "आमचं गावाकडचं आहे." ज्याच्या सोयाबीनला हमीभावही मिळत नाही तो भाऊ, पगारदार बहिणीला वर्षाची डाळ फुकट देतो, याला आम्ही माया म्हणत आलो. माया खरीच आहे. पण तिची किंमत एकाच बाजूनं चुकती होते आहे.

या धान्याचे पैसे द्यायचे म्हटल्यावर माझ्या चुलत्यांनी फार कळकळीनं आक्षेप घेतला. "नात्यात पैसा आणला तर नातं राहत नसतंय, बाई. येळवशीला आलेल्या पाहुण्याला तू पावती देणार का?" त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पंगतीला पैसे नसावेतच. येळवशीला ज्याला शेत नाही तोही मानानं जेवतो, ही आमच्या मुलखानं जपलेली फार मोठी गोष्ट आहे, तिला तिकीट लागलं तर तो सणच मोडेल. पण नात्यातली देवाणघेवाण पूर्वीही एकतर्फी नव्हती. गावाकडून पोती यायची तेव्हा शहरातल्या घरात पुतणे, भाचे शिकायला राहायचे. कुणाचं ऑपरेशन असलं की महिनाभर दोन माणसं आमच्याकडं उतरायची, डबा आमच्या घरून जायचा. आता भाचा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येतो तो खोली भाड्यानं घेऊन राहतो, दवाखान्यात कॅन्टीन असतं, आमची घरं दोन खोल्यांची झाली. आम्ही द्यायचो ते थांबलं, गावानं द्यायचं ते चालूच राहिलं. चुलते ज्या नात्याची आठवण काढतात त्यात दोन्ही बाजूंचा भार होता. तो परत आणायचा तर आज आमच्याकडं देण्यासारखं जे आहे तेच द्यावं लागेल, आणि ते म्हणजे महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पगार.

या हिशेबात वहिनी कुठं असते, हेही बोललं पाहिजे. येळवशीच्या आधीचे तीन दिवस ती झोपली नव्हती. आंबील लावणं, दाणे सोलणं, तीस माणसांचे उंडे. पर्यटन केंद्रावरच्या बाईला निदान रोज मिळतो. माझ्या वहिनीला "तुझ्या हातची भज्जी कुठं मिळत नाही" एवढं वाक्य मिळतं, तेही बहुतेक माझ्याकडूनच. म्हणून ज्वारीचे पैसे पाठवायचं ठरलं तेव्हा ते तिच्या खात्यावर पाठवायचे हे मी आधी ठरवलं. भावाला ते आवडलं नाही. दोन दिवस फोन घेतला नाही. मग घेतला.

ठरलं ते असं. चौघांच्या घरात रोज एक वेळ भाकरी म्हटली तर वर्षाला साधारण शंभर किलो ज्वारी लागते. माझं घर, दोन मैत्रिणींची, एक चुलत भाऊ, शेजारचं एक कुटुंब, अशी पाच घरं. म्हणजे पाच क्विंटल, एका एकराचं पीक. भाव किलोला पन्नास रुपये, निवडून, चाळून. पुण्यात दुकानातून घेतली तर यापेक्षा महागच पडते. एकराचे झाले 25,000, हमीभावापेक्षा जवळजवळ आठ हजारांनी जास्त. कडबा भावाच्या गुरांना. निम्मे पैसे पेरणीआधी. आणि एक अट, जिच्यावर आम्हा पाच घरांत बरीच चर्चा झाली: पीक बुडालं तर दिलेले पैसे परत मागायचे नाहीत. एका मैत्रिणीला हे पटेना. माल नाही तर पैसे कशाचे? मी तिला एवढंच विचारलं, की तुझ्या कंपनीचा माल खपला नाही तर तुझा त्या महिन्याचा पगार परत घेतात का. ती गप्प बसली, पण तिनं पैसे दिले.

ती अट किती लागणार आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी पाहिला. नद्या गावांत शिरल्या, परांड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, काही रानांतली मातीच वाहून गेली. त्या बातम्या बघताना मला आगटीपुढचा तो माणूस आठवत होता, आणि त्याचं नाव-गाव मी नीट विचारून घेतलं नव्हतं. सहाशे रुपये देऊन मी त्याच्या हातचं खाल्लं, आणि त्याच्या घरात पाणी शिरलं का हे विचारायला माझ्याकडं काही धागा नव्हता. भावाचं सोयाबीन उभ्या रानात कुजलं. त्याचा फोन मात्र माझ्याकडं येत होता, कारण आता आमच्यात एका एकराचं देणंघेणं होतं. "वाफसा नाही अजून," "अजून आठ दिवस तरी," "पैसे परत पाठवू का?" नको म्हटलं.

ऑक्टोबर संपता संपता वाफसा आला, रान पेरण्याजोगं सुकलं. ज्वारी उशिरा पेरली गेली.

19 डिसेंबर 2025 ला पुन्हा येळवस झाली. या वेळी आम्ही पाचही घरांतली माणसं गेलो, मुलांसकट. ज्वारी मांडीला लागत होती, कणीस धरायला अजून अवकाश होता. कोपीच्या पेंढ्या यंदाही मागूनच आणलेल्या. मुलं ताटांच्या ओळींतून पळत होती आणि भाऊ त्यांच्यावर ओरडत होता, खूश होऊन. जेवणं झाल्यावर तो मला बांधापर्यंत घेऊन गेला आणि पलीकडचं वावर दाखवलं. शेजाऱ्यानंही अर्धा एकर ज्वारी पेरली होती. तुझी पाच घरं आहेत तशी माझ्यासाठी पण बघ म्हणतोय, भाऊ म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "बरं झालं त्यानं पेरली. पाखरं वाटून जातील."